आठवड्याचे वीस तास

पूर्व लंडनमधल्या इलफर्डमध्ये डिसेंबरात उजाडायला सकाळचे आठ वाजतात. आमच्या या चित्रपटात पडद्यावर दिसणारी लाल दुमजली बस मात्र साडेसहाची आहे आणि तिच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी बसलेली विद्यार्थिनी आज वर्गात ज्यावर चर्चा व्हायची आहे तो लेख मोबाइलवर वाचते आहे. परदेशातून आलेली ही विद्यार्थिनी लंडनच्या एका विद्यापीठात एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करते. तिच्या विनंतीवरून तिचे आणि विद्यापीठाचे नाव आम्ही दिलेले नाही.

इलफर्डहून एलिझाबेथ लाइनची गाडी पकडली, तर अर्ध्या तासाच्या आत ती शहराच्या मध्यभागी, टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरू शकते. २०२२ साली सुरू झालेल्या या रेल्वेचे भाडे गर्दीच्या वेळी बसच्या दुपटीहून अधिक असते. २०२५ मध्ये बसचे भाडे १.७५ पौंड होते आणि पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभराच्या आत दुसऱ्या, तिसऱ्या, कितीही बसमध्ये चढले तरी पुन्हा पैसे कापले जात नाहीत. म्हणून ती २५ क्रमांकाच्या बसने स्ट्रॅटफर्डमार्गे बो चर्चपर्यंत येते आणि तिथे ८ क्रमांकाची बस धरून होबर्नला उतरते. वाहतूक तुंबली आणि दुसऱ्या बसमध्ये कार्ड टेकवायला तासापेक्षा पाच मिनिटे जरी अधिक झाली, तरी भाडे पुन्हा भरावे लागते. बो चर्चच्या थांब्यावर ती ज्या नजरेने रस्त्याकडे पाहते आहे, तिचे कारण हे आहे. जाण्यायेण्यात तिचे रोज जवळपास तीन तास जातात आणि हे तास कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसतात.

इतक्या लांब राहण्याचे कारण खोलीचे भाडे हे आहे. इंग्लंडमध्ये परवाना लागणाऱ्या सामायिक घरात एका प्रौढ व्यक्तीच्या झोपण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर असावे, असा नियम २०१८ पासून आहे. हे साधारण सत्तर चौरस फूट होतात. तिची खोली त्याहून थोडीच मोठी आहे. पलंग, कपाट आणि खिडकीखाली बसवलेले टेबल एवढे सामान ठेवल्यावर छायाचित्रकाराला दारातच उभे राहून हे दृश्य टिपावे लागले. अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते, हे तिला माहीत होते. अडचण जामीनदाराची होती. ब्रिटनमध्ये राहणारी, कमावती व्यक्ती जामीन म्हणून आणा, असे घरमालकाने सांगितले तेव्हा नवख्या विद्यार्थ्याने अशी व्यक्ती कोठून आणायची, हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहिला. अखेर काही महिन्यांचे भाडे आगाऊ भरून तिने ही खोली मिळवली.

होबर्नला लागून असलेल्या ब्लूम्सबरी भागात पोहोचताच समोर पांढऱ्या पोर्टलंड दगडाची सिनेट हाउसची इमारत उभी राहते. वास्तुरचनाकार चार्ल्स होल्डन यांच्या आराखड्यानुसार १९३० च्या दशकात बांधलेल्या या इमारतीच्या मनोऱ्यात लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. आठवड्यात वर्गाचे तास मोजकेच असल्यामुळे हे शिक्षण हलके असावे, असा दुरून पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात एका चर्चासत्रासाठी चार-पाच लेख बारकाईने वाचून यावे लागतात आणि न वाचता आलेला विद्यार्थी दोन तास गप्प बसून राहतो. हे वाचन करायला सलग, निवांत वेळ लागतो. आम्हाला या चित्रपटात दाखवायचा आहे तो हा वेळ आणि त्याच्यासाठी मोजावी लागणारी किंमत.

पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला वीस तासच काम करता येते. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. एका आठवड्यात दहा आणि पुढच्या आठवड्यात तीस तास, अशी सरासरी काढता येत नाही. विनावेतन केलेले कामही याच वीस तासांत धरले जाते. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करण्यास मनाई आहे. भिंतीवरच्या या दिनदर्शिकेत तिने कामाच्या प्रत्येक पाळीचे तास लिहिले आहेत. रविवारी रात्री सुरू होणाऱ्या पाळीचे मध्यरात्रीनंतरचे तास नव्या आठवड्यात जातात, म्हणून ते तिने वेगळ्या शाईने मांडले आहेत. नियम मोडल्यास व्हिसा रद्द होऊन देश सोडावा लागू शकतो.

आता हिशेब पाहू. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात २१ वर्षे आणि त्यावरील कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. या दराने वर्षभर एकही आठवडा न चुकवता वीस तास काम केले, तर महिन्याला सरासरी १,०५८ पौंड होतात. तिने व्हिसासाठी अर्ज केला तेव्हा लंडनमधील राहण्याच्या खर्चासाठी सरकारने ठरवलेली रक्कम महिन्याला १,४८३ पौंड होती. अशा नऊ महिन्यांचे १३,३४७ पौंड सलग २८ दिवस खात्यात असल्याचे तिला दाखवावे लागले आणि वर्षाला ७७६ पौंड या दराने आरोग्य अधिभारही (सरकारी आरोग्यसेवा वापरता यावी म्हणून व्हिसासोबत घेतले जाणारे शुल्क) आधीच भरावा लागला. दरमहा उरणारी सव्वाचारशे पौंडांची तूट शैक्षणिक कर्जातून भरून निघते.

एका रविवारी आम्ही तिच्याबरोबर प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरी गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहत होते आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ही वास्तू विकत घेतली. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले. इतक्या कष्टाने मिळवलेला वेळ त्यांनी ग्रंथालयांत घालवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळवली. घरातील प्रत्येक पाटी वाचत ती बराच वेळ तिथे थांबली.

नाताळच्या सुटीत तिला पूर्णवेळ काम करण्याची मुभा आहे, मात्र याच सुटीनंतर लगेच दोन निबंध सादर करायचे आहेत. उन्हाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना सुटी लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तो प्रबंध लिहिण्याचा काळ असल्याने सत्रच चालू राहते आणि वीस तासांची मर्यादाही कायम असते. जून ते ऑगस्ट या महिन्यांत आठवड्याला आठच तास काम करून उरलेला वेळ प्रबंधाला द्यायचा, असे तिने ठरवले आहे. त्यासाठी मेअखेरपर्यंत किती पौंड बाजूला पडायला हवेत, हा आकडा तिने दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला असून नाताळातल्या पाळ्यांसाठी तिने सर्वांच्या आधी नाव दिले आहे.