सोडू नकोस

मनगटावरची ही पकड पाहा. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. बोटांची टोकं अंगठ्याला जिथे भेटतात, तीच पकडीची कच्ची जागा. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची आणि हिसका द्यायचा. हात सुटतो. स्वसंरक्षणाच्या वर्गात तर दर वेळी सुटतो, कारण जोडीदारच तो सोडतो.

आता तीच पकड पुन्हा. या वेळी जोडीदाराला एवढंच सांगितलंय: सोडू नकोस. तो ओढतो, दुसऱ्या हाताने खांदा धरतो, ढकलतो. शिकणारीचा हिसका फसतो. दुसऱ्यांदाही फसतो. तिसऱ्या वेळी तो ओढत असतानाच ती एक पाऊल आत घुसते, कोपर पुढे रेटते, आणि हात सुटतो. खरं शिकणं इथून सुरू होतं.

१८८२ साली जिगोरो कानो यांनी टोकियोतल्या एका देवळात, १२ तातामी चटया मावतील एवढ्या जागेत, ज्यूदो शिकवायला सुरुवात केली. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले मर्मावरचे घातक वार त्यांनी ठरावीक हालचालींच्या सरावापुरते ठेवले, मोकळ्या झुंजीतून काढून टाकले. वरवर पाहता कला बोथट झाली. पण उरलेले डाव आता रोज, पूर्ण ताकदीनिशी, विरोध करणाऱ्या माणसावर टाकता येऊ लागले. जो वार कधी कुणावर करूनच पाहिला नाही, त्याच्यावर ऐनवेळी भिस्त कशी ठेवायची?

कारण ऐनवेळी शरीर बदललेलं असतं. छाती धडधडते, बोटं थरथरतात, नजर एकाच जागी खिळते. पाच पायऱ्यांचा नाजूक डाव तेव्हा आठवत नाही. अंगात मुरलेल्या दोन-चार ढोबळ हालचाली तेवढ्या उरतात.

आणि चटईवर नसलेलं बरंच काही बाहेर असतं. हल्लेखोराचा साथीदार. खिशातला चाकू. चाकूपुढे रिकाम्या हाताने उभं राहणं, कितीही वर्षांचा सराव असला तरी, जिवाशी खेळ आहे. पळता येत असेल तर पळायचंच. म्हणून या वर्गात अंतर राखायला शिकवतात. उघडे तळवे छातीसमोर, आणि आवाज: "मागे हो!"

पहिल्यांदा तिचा आवाज घशातच अडकतो. आवाजालाही सराव लागतो. पुन्हा. आता तो भिंतीवर आदळतो.

तो मनगट धरतो. ती आत घुसते, सुटते, आणि मागे न पाहता थेट दारापर्यंत धावते.

धापा टाकत परत येते. हात पुढे करते.

"पुन्हा. घट्ट धर."