उकड काढलेला पाव

नमस्कार. घरी केक-बिस्किटं करून ऑर्डरी घेणाऱ्या तुम्हा मंडळींकडून मला एक प्रश्न नेहमी येतो: "पोटाला सोसावं म्हणून मैद्याऐवजी काय घालू?" त्यावर मी आधी विचारते, कोणाच्या पोटाला? हे कळल्याशिवाय पीठ चाळायलाही घेऊ नका, एवढंच मला आज कळकळीनं सांगायचं आहे.

मला स्वतःला सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की आमच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्न शोषून घेणारे तिथले बारीक अंकुर झिजून सपाट होतात. जुलाब, पोटदुखी होतेच असं नाही. कित्येकांना नुसता ॲनिमिया असतो. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आणि हिमोग्लोबिन काही वर सरकत नाही. ग्लूटेन आयुष्यभर बंद करणं, हाच यावरचा उपचार.

हा उपचार सापडला तो एका डच बालरोगतज्ज्ञाला, विलेम डिके यांना. त्यांना १९३०च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. त्या उपासमारीतही सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. गहू बंद केला की ही मुलं सुधारतात, हे डिके यांनी १९५०मध्ये आपल्या प्रबंधात मांडलं.

आता आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. तिथे आतड्याला अशी इजा नसते, पण आतडं फार हळवं झालेलं असतं. गव्हात फ्रुक्टान नावाची साखळीदार शर्करा असते, कांदा-लसणातही ती असते. आपल्याला ती पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि मग पोट फुगतं. ऑस्लोमधल्या संशोधकांनी २०१८मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिलिॲक नसताना स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना त्यांनी तीन प्रकारच्या वड्या खायला दिल्या: एक ग्लूटेनची, एक फ्रुक्टानची, एक दोन्हीविना. कोणती कुठली, हे खाणाऱ्यांना माहीत नव्हतं. सरासरीनं जास्त त्रास झाला तो फ्रुक्टानच्या वडीनं. म्हणून अशा माणसाला बराच वेळ आंबवलेला गव्हाचा सावरडो पाव कदाचित सोसेल, कारण आंबताना बराचसा फ्रुक्टान खर्ची पडतो. तोच काप माझ्यासाठी विष आहे. आणि क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारा आजार, असलेल्या एखाद्याचं आतडं जागोजागी अरुंद झालेलं असेल, तर तुम्ही कौतुकानं केलेला बियाबियांचा 'हेल्दी' ब्रेड त्याला थेट दवाखान्यात नेऊ शकतो.

म्हणून हात जोडून सांगते, "गहू बंद करून बघा" असा सल्ला कोणाला देऊ नका. आधी सिलिॲक ओळखणारी रक्ताची टीटीजी तपासणी होऊ द्या. गहू सोडल्यावर तपासणी केली तर आजार असूनही ती साफ येऊ शकते.

आपल्याकडच्या तीन गोष्टी फार घात करतात. पहिली खपली. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. 'जुना गहू आहे, चालतो' असं सांगून विकणारे भेटतात. सिलिॲकला तो चालत नाही. दुसरी हिंग. डबीतल्या बांधानी, म्हणजे पीठ-डिंक मिसळलेल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि खारी शंकरपाळी, मसाला बिस्किटं यांत तो सहज जातो. डबीवरचे घटक वाचा.

तिसरी गोष्ट गिरणी. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथेच सगळं फसतं. आपल्याकडे ग्लूटेन-फ्री म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गव्हावर ज्वारी दळली आणि किलोभर पिठात चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम कणीक मिसळली, तरी त्यात अंदाजे पाव ग्रॅम ग्लूटेन आलं. मर्यादेच्या दहापटीहून जास्त! ज्वारी मुळात निर्दोष, पण तुमच्या हातात आलेलं पीठ नाही. ऑर्डर सिलिॲकची असेल तर फक्त बिनग्लूटेनच्या धान्यांसाठी ठेवलेली घरघंटी हवी. चाळणी, लाटणं, लाकडी पोळपाट आणि कढईतलं तेलसुद्धा वेगळं. हे जमणार नसेल तर ऑर्डर नाकारा. त्यात कमीपणा नाही.

आता ओव्हनकडे येऊ. नानकटाईला ग्लूटेनची गरजच नसते; तूप, साखर आणि ज्वारी-बेसनाचं पीठ एवढ्यावर ती सुरेख खुसखुशीत होते. केकचं काम अंडी सांभाळून घेतात. फक्त केकचं मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे पीठ पाणी पितं आणि दाताखाली रवाळ लागत नाही.

खरी कसोटी पावाची. ग्लूटेन ताणलं जातं, यीस्टनं केलेला वायू धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. पण आपल्या घरातल्या बायकांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे! पिठाची विरी गेली की आपण काय करतो? उकळतं पाणी ओततो, उकड काढतो. गरम पाण्यानं स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी न चिरता थापता येते. पावातही हेच करायचं. २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ घ्या. त्यातलं ६० ग्रॅम दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात कालवून झाकून ठेवा. दुसरीकडे १५ ग्रॅम इसबगोल तेवढ्याच, पण कोमट पाण्यात भिजवा. दहा मिनिटांत त्याचा घट्ट चीक होतो आणि तोच पुढे वायू धरतो. उकड कोमट झाली की हा चीक, उरलेली ज्वारी, १०० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, ५ ग्रॅम यीस्ट, थोडी साखर, मीठ, तेल घालून मळा. कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. सरळ टिनमध्ये भरा, एकदाच फुगू द्या आणि २०० अंशांवर तासभर भाजा. वाटी-चमच्यानं मोजू नका, वजनच करा. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. गरम कापलात तर आतून लगदा दिसेल आणि तुम्हाला वाटेल की पाव बिघडला. एक सांभाळा: इसबगोल सवय नसलेल्या पोटाला एकदम जड जाऊ शकतो, म्हणून पहिल्या दिवशी एकच काप आणि वर भरपूर पाणी.

गोडाविषयीही थोडं. सिलिॲक असलेल्या काहींना टाइप वन मधुमेहही असतो, त्यामुळे 'शुगर फ्री'ची मागणी येणारच. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल जास्त झालं तर जुलाब होतात. चिकरीतलं इन्युलिन घालून 'हाय फायबर' केलेलं बिस्किट आयबीएसच्या पोटाला फुगवतं. मी साखर सरळ कमी करते, आणि तुकडा लहान ठेवते. दूध सोसत नसेल तर आधी विचारा, लॅक्टोज पचत नाही की दुधाची ॲलर्जी आहे? पहिल्याला तूप बहुधा चालतं. ॲलर्जीवाल्याला तेच तूप धोक्याचं ठरू शकतं.

शेवटी वाढदिवसाच्या केकबद्दल. आई फोनवर म्हणते, "मोठा केक नेहमीचा करा, माझ्या मुलीपुरता एक कपकेक वेगळा द्या." तेव्हा तिला सुचवा की अख्खा केकच बिनग्लूटेनचा करू. एकच सुरी, एकच ताट, पाहुण्यांचे हात सगळीकडे. त्या गर्दीत वेगळा कपकेक वेगळा राहत नाही. शिवाय आपल्याच वाढदिवसाला दुसऱ्यांसाठीचा केक कापायचा आणि आपण तो खायचा नाही, हे सहा वर्षांच्या मुलीला कोणी का समजावत बसावं? दर थोडा वाढेल, तो आधीच सांगा. आणि केकबरोबर घटकांची चिठ्ठी द्या, अगदी व्हॅनिला आणि वरच्या रंगीत गोळ्यांपर्यंत सगळं लिहून.