घरी असणं आणि सुट्टीवर असणं

मघाशी माझी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, ‘मधले आठ महिने त्या घरी होत्या.’ घरी नव्हते, मी सुट्टीवर होते. या दोन गोष्टींतला फरक कळायला मला त्यातलेच दोन महिने घालवावे लागले, म्हणून आज बोलायला उभी आहे.

हिंजवडीत चौदा वर्षं नोकरी झाली होती. रविवारी दुपारपासूनच छातीत धडधडायचं, पहाटे तीनला जाग यायची. मुलीनं काही विचारलं तर उत्तर द्यायचाही शीण वाटायचा. एका रात्री राजीनामा लिहून ठेवला. सुदैवानं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. त्या म्हणाल्या, “आधी झोप नीट लागू दे, मग ठरवू.”

हे फार महत्त्वाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ हा आजार म्हणून नोंदलेला नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे: शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्यावर कामापासून लांब जाण्याचा उपयोग होतो. पण नैराश्य असेल, तर नुसती सुट्टी पुरत नाही. रिकामा दिवस उलट अंगावर येतो. माझ्याकडे दोन्ही होतं. म्हणून औषधं सुरू झाली आणि सुट्टीची तारीख चार महिने पुढची ठरली.

त्या चार महिन्यांत हिशोब केला. आठ महिन्यांचा घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि वर तीन महिने, कारण नवी नोकरी ठरल्या दिवशी मिळत नाही. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो, त्यामुळे स्वतःची पॉलिसी आधीच घेतली. फॉर्ममध्ये मानसिक उपचार लपवू नका, पुढे दावा अडतो. 2018 पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं.

पैशांची तयारी चोख होती. घराची तयारी मात्र मी केलीच नव्हती. पहिल्याच आठवड्यात ‘आता तू आहेस ना’ म्हणून पोळ्यांच्या मावशींना नको सांगितलं. मग गॅसवाला, सासूबाईंची फिजिओथेरपी, भाचीच्या लग्नाची खरेदी, सगळं माझ्याकडे आलं. कोणी वाईट हेतूनं केलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. पगार आणत नाही, तर निदान एवढं तरी करावं, असं आतून वाटायचं. सातव्या आठवड्यात पहाटे तीनची जाग परत आली.

तेव्हा नवऱ्यासमोर बसून सांगितलं, मी बरी होण्यासाठी थांबले आहे. मावशींना परत बोलावलं. त्यांचा पगार हा माझ्या उपचाराचा खर्च आहे, असं मी आजही मानते. सकाळी दहा ते एक हा वेळ माझा ठरला. वेताळ टेकडीवर जायचं, येऊन वाचायचं, नाहीतर नुसतं बसायचं. खरी सुट्टी तिथून सुरू झाली. इथल्या बायकांना माझं कळकळीनं सांगणं आहे, हे बोलणं राजीनाम्याच्या आधी करा.

‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न येतोच. ऑक्टोबर 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलनं श्रीलंकेविरुद्ध ॲडलेडला 28 चेंडूंत 62 धावा केल्या आणि त्याच आठवड्यात मानसिक आरोग्यासाठी क्रिकेटमधून विश्रांती घेतली. विराट कोहलीनं त्याचं जाहीर कौतुक केलं आणि 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात आपणही अशा अवस्थेतून गेलो होतो, हे सांगितलं. मुलाखतीत मला त्या आठ महिन्यांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, “तब्येतीसाठी ठरवून थांबले होते.” दोन ठिकाणी पुढचा फोन आला नाही. तिसऱ्या ठिकाणी आज मी काम करते.

आठ महिने सगळ्यांना परवडत नाहीत, याची मला जाणीव आहे. हातावर पोट असेल तर आठ दिवसही जड जातात. पण बोलायला पैसे लागत नाहीत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा, मी थांबते.