हॅनकॉकचा गोल दगडी गोठा

नमस्कार श्रोतेहो. भरलेली बैलगाडी मागे रेटणं काय असतं, ते गाडी हाकणाऱ्यालाच विचारावं. आज ज्या गोठ्याबद्दल बोलतोय, त्यात ती वेळच येत नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, हॅनकॉकला, शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची सामायिक शेती होती. 1826 मध्ये त्यांनी तिथे दगडी गोठा बांधला, तोही गोल. व्यास साधारण 90 फूट, भिंत सुमारे 20 फूट उंच.

गोठा उताराला टेकून आहे. मातीच्या चढावरून गवताची गाडी थेट वरच्या मजल्यात शिरते, भिंतीलगतच्या फळ्यांवरून गोल फिरते आणि आल्या दारानेच, बैलांची तोंडं पुढे ठेवून, बाहेर पडते. फिरताना गवत मधल्या मोकळ्या जागेत खाली ढकलायचं. वर चढवणं नाही, त्यामुळे गड्याची कंबर शाबूत. एकामागे एक अशा कितीतरी गाड्या एकाच वेळी रिकाम्या होतात.

त्याखालच्या मजल्यावर 52 गाई, तोंडं मध्याकडे, गंजी समोरच. वर्तुळामुळे प्रत्येकीची जागा पाचरीसारखी होते, मानेकडे अरुंद, मागे रुंद. गाईचा देहही तसाच असतो की! शेण खाली तळघरात पडतं, तिथून गाडीने शेतात.

गवत ओलसर भरलं तर गंजी आतून तापते, प्रसंगी पेटतेही. म्हणून मधोमध हवेसाठी उभी पोकळी ठेवली आहे. 1864 मध्ये इथे आग लागली तेव्हा लाकूडकाम जळालं, दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या. त्यांच्याच आत गोठा पुन्हा उभारला. छतावरचा बारा बाजूंचा, खिडक्यांचा मजला त्यानंतरचा; त्याने मध्यभागी उजेड आला.

गोल आकारात भिंतही वाचते. 90 फूट व्यासाला भिंत लागते 283 फूट. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरसाला 319. पण गाई वाढल्या तर गोल गोठ्याला खण जोडता येत नाही. आमच्या मते ही त्याची खरी अडचण.

अशा जुन्या भिंतीच्या दगडांमधल्या फटी सिमेंटने भरू नयेत. आत मुरलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर पडत नाही. थंडीत गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना वापरावा, दगडापेक्षा मऊ. झिजायचा तर तो झिजेल, आणि तो पुन्हा भरता येतो.