तिथं तुम्हाला कोणी विचारत नाही

(जर्मनीत शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या चार-पाच रांगांत सगळे आई-बाबा, आणि मुलं मागं, दारापाशी. मी आज मुख्यतः दारापाशी बसलेल्यांशी बोलणार आहे. पण पुढच्यांनाही मधूनमधून दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील.

परदेश म्हटलं की पसारा फार होतो, म्हणून मी फक्त जर्मनीबद्दल बोलेन. तिथं मी शिकले, नोकरी केली, आणि आता इथं जर्मन शिकवते तेव्हा दरवर्षी तिकडं निघालेली मुलं समोर असतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. त्याच्या आदल्याच वर्षी आपण चीनला मागं टाकून तिथला सर्वांत मोठा परदेशी विद्यार्थिवर्ग झालो होतो. त्यात पुण्या-मुंबईची मुलं तर असतातच, पण हल्ली लातूर-नांदेडचीही भेटतात. तेव्हा ‘तिथं आपलं माणूस नाही’ ही तक्रार आता चालायची नाही.

अशा बैठकांत प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती? भाज्या मिळतात का? कुकर न्यायचा का? उत्तरं पटकन देऊन टाकते. जाड जॅकेट तिथं गेल्यावर घ्या, इथल्या जर्किनानं तिथला जानेवारी निघत नाही. डाळी, पोहे, कणीक सगळं मिळतं. गोडा मसाला घरून न्या. विद्यापीठाच्या खानावळीत, म्हणजे मेन्झात, शाकाहारी काहीतरी असतंच. कुकर न्या. या गोष्टींपायी कोणाचं शिक्षण बुडालेलं मी तरी पाहिलं नाही.

शिक्षण बुडतं ते दुसऱ्याच कारणानं. तिथं तुम्हाला कोणी विचारत नाही.

जरा आठवून बघा, आपण इथवर कसे आलो. सकाळी आईनं उठवलं. क्लासला दांडी मारली की तासाभरात बाबांच्या फोनवर मेसेज. कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी, ती कमी पडली की डिफॉल्टर लिस्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री चौघांनी बसून एकाची फाईल उतरवायची, सकाळी सरांची सही घ्यायची. परीक्षेचा फॉर्म भरा म्हणून नोटीस लागते, मग वर्गात येऊन कोणीतरी ओरडून सांगतो, आणि तरीही राहिलात तर लेट फी भरून काम होतं. विषय राहिला तर एटीकेटी आहेच. या सगळ्याला आपण चार वर्षं शिव्या घालतो, पण खरं सांगायचं तर ही यंत्रणा आपल्याला कडेवर घेऊन चालत असते.

जर्मन विद्यापीठात कडेवर घेणारं कोणी नाही. बहुतेक व्याख्यानांना हजेरीच नसते. तुम्ही आलात, छान. नाही आलात, तरी छान. व्याख्यान संपलं की मुलं बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात, ती तिथली टाळी, आणि प्राध्यापक लॅपटॉप मिटून निघून जातात. यात तुसडेपणा नाही. १८१० साली बर्लिनचं विद्यापीठ निघालं, त्यामागच्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या नावानं सांगितला जाणारा तो विचार आहे: काय शिकवायचं हे शिकवणाऱ्यानं ठरवावं, कसं आणि कधी शिकायचं हे शिकणाऱ्यानं. आता त्यात एक व्यवहारही आहे बरं का. बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत, फक्त सत्राची वर्गणी असते. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ पासून फी सुरू केली आहे, हे अर्ज करताना बघून घ्या.) ज्यानं तुमच्याकडून पैसे घेतले नाहीत, तो तुमची मनधरणी कशाला करेल?

सांगलीच्या एका मुलाचं सांगते. व्हिसा उशिरा मिळाला, पोचायला नोव्हेंबर उजाडला. व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यालाच सुरू झालेली. पोरगा हुशार, कष्टाळू. एक तास चुकवला नाही, बुडालेलं सगळं भरून काढलं. फेब्रुवारीत परीक्षेला गेला तर यादीत नाव नाही. परीक्षेची नोंदणी स्वतः ऑनलाइन करायची असते आणि तिची मुदत जानेवारीतच संपली होती. त्यानं परीक्षा विभागात जाऊन सांगितलं, मी रोज पहिल्या बाकावर बसत होतो, प्राध्यापकांना विचारा. समोरच्या बाई चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. पुढच्या सत्रात नोंदणी कधी उघडते ती तारीख त्यांनी कागदावर लिहून दिली. लेट फी नाही, अर्ज नाही, ‘मॅडम प्लीज’ नाही. सहा महिने गेले.

याची दुसरी बाजू आणखी कडक आहे. नाव नोंदवलं आणि डॉक्टरांच्या दाखल्याविना परीक्षेला गेला नाहीत, तर बहुतेक ठिकाणी नापास धरतात. आणि नापास किती वेळा होता येतं? साधारणपणे तीन प्रयत्न. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा गेलात की प्रवेश रद्द, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. राहण्याचा परवाना शिक्षणासाठी दिलेला असतो, त्यामुळे तोही धोक्यात. ‘अटेंप्ट देऊन तर बघू’ ही आपली पुण्यातली सवय विमानात बसायच्या आधी इथंच सोडा.

पण जिथं कोणी तुम्हाला विचारत नाही, तिथं तुम्ही मात्र कोणालाही विचारू शकता. आपली मुलं नेमकी इथं गप्प बसतात. प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते, ती रिकामी जाते. निकाल लागल्यावर आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा दिवस असतो. जर्मन मुलं शांतपणे जातात, पान उलटून म्हणतात, इथं दोन गुण कमी दिसताहेत. कधी मिळतात, कधी नाही मिळत, आणि कोणाला त्याचा राग येत नाही. आपल्या मुलांना वाटतं, हे सरांशी भांडण झालं. सरांच्या मनात राहील. थीसिस त्यांच्याकडेच करायचाय.

मला इथं इरावती कर्वे आठवतात. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्तामागं उभा राहिलेला मोठा शास्त्रज्ञ. त्याला हवं होतं ते हे की गोऱ्यांच्या कवट्यांची ठेवण त्यांच्या बुद्धीची श्रेष्ठता दाखवते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापांतून तसं निघत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. विशीतली मुलगी, परकी भाषा, परका गाव, पदवी त्याच्याच हातात. आपल्याला तर दोन गुणांसाठी विचारायचंय.

घरी राहतानाही हेच. चौघं मिळून फ्लॅटमध्ये राहतात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर साफसफाईचं वेळापत्रक असतं. तुमची पाळी चुकली तर घरमालकाकडे तक्रार जात नाही, टोमणाही नाही. तुमच्या दारावर टकटक होते आणि जर्मन मुलगी सरळ सांगते, या आठवड्यात संडास तुझ्याकडे होता, आज करशील का? आपल्याकडच्या मुलीला हे इतकं लागलं होतं की ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. त्या जर्मन मुलीच्या लेखी विषय तिथंच संपला होता. संध्याकाळी ती हिला केक खायला बोलवत होती.

आता एक अगदी बारीक गोष्ट, पण वहीत लिहून घ्या. पोचलात की पत्रपेटीवर आपलं नाव लावा. तिथं फ्लॅट नंबरावर पत्र येत नाही, पेटीवरचं नाव बघून पोस्टमन टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आणि त्या देशात सगळं पत्रानं येतं: टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, परदेशी नागरिक कार्यालयाचं बोलावणं. एरवी कोणी विचारत नाही म्हटलं ना, ते विचारतात तेव्हा पत्रानं विचारतात, एकदाच, आणि खाली तारीख घालून.

पैशांचं थोडक्यात. वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, आधी भरावे लागतात, महिन्याला ९९२ हातात येतात. कायद्यानं वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पालक विचारतात, पार्टटाइममध्ये खर्च निघेल ना? पहिल्या सत्रात नाही. त्या हिशेबानं मुलाला पाठवू नका. रात्री गोदामात खोकी उचलून सकाळी गणिताला बसणारी मुलं मी पाहिलीत. त्या तीन प्रयत्नांतले दोन तिथंच जातात.

आपली माणसं हा एक आधार आहे, नाही म्हणत नाही. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिनला मराठी मंडळं आहेत, गणपती बसतो, आरतीला गळा मोकळा होतो. पहिल्या सत्रात मराठी मुलांबरोबर राहा, वरण-भात खा, रडा. पण दुसऱ्या वर्षीही सगळं जग त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल तर अवघड आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो म्हणून जर्मन शिकायची राहून जाते, आणि मग इंटर्नशिपच्या मुलाखतीत तोंड उघडत नाही. मी जर्मन शिकवते म्हणून हे म्हणतेय असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या.

आता पुढच्या रांगा. तुमच्या मुलाचा निकाल जर्मन विद्यापीठ तुम्हाला सांगणार नाही. तो सज्ञान आहे, माहिती त्याची आहे, तुम्ही फी भरा नाहीतर बाप असा. म्हणजे तुमच्याकडे एकच खिडकी उरते, रोजचा फोन. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागं. तुम्ही रात्री साडेनऊला जेवणं आटोपून फोन लावता तेव्हा तिथं पाच वाजलेले असतात आणि डिसेंबरात तोवर अंधार झालेला असतो. जेवलास का? हो. अभ्यास? चालू आहे. मुलगा कदाचित त्याच दिवशी दुसऱ्यांदा नापास झालेला असतो, आणि कर्जाचे हप्ते आठवून बोलत नाही. असे मुलगे मला फोन करतात, घरी करत नाहीत. विद्यार्थी कल्याण संस्थेत मानसशास्त्रीय सल्ला बहुतेक ठिकाणी मोफत मिळतो. पण तिथंही वेळ मागायला आपणच जावं लागतं, आणि घरी कधी ‘मला जमत नाहीये’ म्हणून चाललेलं नसेल तर परक्या माणसासमोर ते तोंडातून निघत नाही. जायच्या आधी या दोन महिन्यांत एकदा मुलासमोर बसून सांगा की विषय राहिला तरी फोन उचलू. शब्दांत सांगा. गृहीत धरू नका.

मागून एक चिठ्ठी आलीये: ‘प्राध्यापकांना मेल कसा लिहायचा?’ उत्तम. ‘रिस्पेक्टेड सर’पासून चार ओळी प्रस्तावना नको. विषयाच्या जागी अभ्यासक्रमाचं नाव. आडनावासकट नमस्कार, पदवी असेल तर तीही. मी अमुक, माझा विद्यार्थी क्रमांक अमुक. मग एकच प्रश्न, आणि तो सुटावा म्हणून तुम्ही स्वतः काय करून पाहिलं ते दोन वाक्यांत. शेवटी, भेटीच्या वेळेत आलो तर चालेल का. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा, त्यात उद्धटपणा नाही. उत्तर जर्मनमध्ये आलं तर आधी स्वतः वाचायचा प्रयत्न करा, मग मला पाठवा.