फोटो किती मोठा छापता येईल? आधी पाहणाऱ्याचे अंतर मोजा

नमस्कार. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तिथले माजी विद्यार्थी माझ्याकडे एक जुना कृष्णधवल समूहफोटो घेऊन आले होते. 6 इंच रुंद आणि 4 इंच उंच असा तो फोटो त्यांना 12 बाय 8 फुटांच्या फ्लेक्सवर छापून प्रवेशद्वारावर लावायचा होता, आणि छपाई करणाऱ्याने त्यांना 'फाइल 300 डीपीआयची द्या' एवढीच सूचना केली होती. त्या सूचनेचा अर्थ नेमका काय होतो, तो आधी पाहू.

12 फूट म्हणजे 144 इंच आणि 8 फूट म्हणजे 96 इंच. 300 डीपीआय म्हणजे प्रत्येक इंचात 300 पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते बारीक ठिपके. तेवढे हवे असतील, तर फाइल 43,200 बाय 28,800 पिक्सेलची, म्हणजे सुमारे 124 कोटी पिक्सेलची होते. चार रंगांच्या छपाईसाठी ती उघडली की जवळजवळ 5 जीबी जागा व्यापते, आणि फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलमध्ये तर ती मावतही नाही, कारण तिथे एका बाजूची मर्यादा 30,000 पिक्सेल आहे. आमच्या हातात प्रत्यक्षात काय होते? मूळ फोटो 600 डीपीआयने स्कॅन केल्यावर मिळालेले 3,600 बाय 2,400 पिक्सेल. ते 144 इंचांवर पसरले की एका इंचाच्या वाट्याला फक्त 25 पिक्सेल येतात.

हे 25 कमी आहेत की पुरेसे, याचे उत्तर फ्लेक्सच्या आकारात नाही. तो किती लांबून पाहिला जाणार आहे, यात आहे. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. मासिक आपण हातात धरून, सुमारे एक फुटावरून वाचतो, आणि त्या अंतरावर हा हिशेब एका इंचाला 286 पिक्सेल असा निघतो. 300 हा आकडा या अंतराला शोभतो. तो भिंतीला किंवा चौकातल्या फलकाला लावण्याचे कारण नाही. तुम्ही अंतर फुटांत मोजा आणि 286 ला त्या आकड्याने भागा: 10 फुटांवर 29 पिक्सेल, 30 फुटांवर जेमतेम 10. फोटोत बारीक रेषा किंवा नक्षी असेल, तर मी यात थोडी वाढ धरतो.

इथे शब्दांचा एक गोंधळ दूर करायला हवा. छपाईच्या यंत्रावर लिहिलेले 720 किंवा 1440 डीपीआय हे शाईच्या थेंबांचे मोजमाप आहे; फोटोतल्या एका पिक्सेलचा रंग साधायला यंत्र असे अनेक थेंब वापरते. त्यामुळे यंत्र 1440 चे आहे म्हणून फाइलही तेवढ्याची द्यावी लागत नाही.

शाळेच्या फ्लेक्सचा प्रश्न यातून सुटला. प्रवेशद्वार रस्त्यापासून 25 फुटांवर होते, तिथे 12 पिक्सेलही चालले असते, आणि आमच्याकडे त्याच्या दुप्पट होते. पण मला काळजी वेगळीच होती. अशा फोटोसमोर लोक लांब उभे राहत नाहीत. ते जवळ येतात, बोट लावून आपला चेहरा शोधतात, शेजारी कोण बसले होते ते आठवतात. एका रांगेत वीस जण असतील, तर एका चेहऱ्याला सुमारे 80 पिक्सेल मिळतात आणि फ्लेक्सवर तो तीन इंचांचा होतो. दोन फुटांवरून पाहिल्यास तिथे डोळे आणि ओठ विरघळलेले दिसतात. म्हणून मी त्यांना दोन छपाया सुचवल्या: बाहेर 12 फुटांचा फ्लेक्स, आणि सभागृहात तोच फोटो फक्त 3 फूट रुंदीचा, चांगल्या फोटो पेपरवर. 3 फुटांवरून पाहण्यासाठी इंचाला 95 पिक्सेल लागतात आणि या आकारात ते 100 मिळतात.

सॉफ्टवेअरच्या चौकटीत 300 हा आकडा भरून काम भागेल, असे अनेकांना वाटते. तसे केल्यावर शेजारच्या पिक्सेलांच्या मधले रंग अंदाजाने भरले जातात, फाइल फुगते, पण बारकावा वाढत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो मोठा करणारी साधने तर चेहरे नव्याने रचतात. निसर्गदृश्याला ते चालेल. पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गमित्राच्या जागी एखाद्या अनोळखी माणसाचे डोळे बसवणे मला मान्य नाही. त्यापेक्षा स्टुडिओत मूळ निगेटिव्ह शिल्लक आहे का, ते शोधावे, कारण छोट्या कागदी प्रतीत न उतरलेला तपशील निगेटिव्हमध्ये असू शकतो.

फोटो पाठवतानाही नुकसान होते. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो अनेकदा 1,600 पिक्सेलांच्या आसपास उतरतो, म्हणजे आमच्या फ्लेक्सवर इंचाला 11 पिक्सेल. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर जसाच्या तसा पोहोचतो.

शाळेचे नाव आणि वर्षे मात्र फोटोच्या पिक्सेलांत मिसळू नका. अक्षरे व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे पिक्सेलांऐवजी रेषांनी आखलेल्या आकारांत ठेवा आणि फाइल देण्यापूर्वी त्यांचे कर्व्हज करा, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांत ती बदला. मग ती कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतात, आणि छपाईच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी रफार आणि जोडाक्षरे तुटत नाहीत. फाइल एकदशांश मापात, म्हणजे 14.4 बाय 9.6 इंचांची करणार असाल, तर तिथे 250 पिक्सेल ठेवा, म्हणजे पूर्ण आकारात ते 25 होतील, आणि हे प्रमाण फाइलच्या नावातच लिहा.

अखेरचा निर्णय घेण्यापूर्वी फोटोतल्या दोन-तीन चेहऱ्यांचा एक फुटाचा तुकडा पूर्ण मापात छापून घ्या, तो प्रत्यक्ष जागेवर लावा, आणि लोक जिथे उभे राहणार आहेत तिथून पाहा.