बेअरफेस्ड लाय: समोर पुरावा असताना बोललेलं खोटं

नमस्कार मंडळी! बेळगावातून बोलतोय. आजचा शब्द आहे बेअरफेस्ड. इंग्रजी पेपरात, टीव्हीवरच्या चर्चेत हा शब्द बहुतेक वेळा 'लाय'ला चिकटूनच येतो: बेअरफेस्ड लाय. मुलं डिक्शनरी उघडतात, 'निर्लज्ज' हा अर्थ वहीत उतरवतात आणि पुढं जातात. अर्थ चुकीचा नाही, खरं अपुरा आहे. (पुण्या-मुंबईहून बघणाऱ्यांनो, इथलं 'खरं' म्हणजे 'पण'. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात आम्ही असंच बोलतो.)

निर्लज्जपणे खोटं बोलण्याचे शंभर प्रकार असतात. त्यातलं बेअरफेस्ड नेमकं कुठलं, ते कळण्यासाठी निपाणी-बेळगाव बसमध्ये चढूया.

जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्यातल्या रहिवासी महिलांना राज्यातल्या राज्यात सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट, फक्त इथल्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवायचं. आता समजा, एक बाई निपाणीत बसमध्ये चढल्या. माहेर निपाणी, सासर कागल. आमच्याकडं हे नेहमीचंच, माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या. कंडक्टर येतो आणि म्हणतो, "आधार तोरस्री अक्का." (कन्नडमध्ये, 'आधार दाखवा, अक्का.')

बाई म्हणाल्या, "कार्ड घरी राहिलं." कार्ड पर्समध्येच असेल, तर हे खोटं झालं. खरं कंडक्टरला ते कळायला मार्ग नाही. खोटं झाकलेलं आहे. हे बेअरफेस्ड नव्हे, साधं खोटं.

बाई म्हणाल्या, "मी निपाणीचीच की हो." आता हे तर खोटंसुद्धा नाही. जन्मल्या निपाणीत, वाढल्या निपाणीत. सवलतीला हे चालत नाही, एवढंच.

आता तिसरी गोष्ट बघा. बाईंनी कार्ड काढून हातात दिलं. त्यावर पत्ता छापलाय: तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. कंडक्टरनं 'कोल्हापूर'वर बोट ठेवलं. शेजारच्या सीटवरच्या दोघांनीही वाकून वाचलं. आणि बाई कंडक्टरच्या डोळ्यांत बघून म्हणतात, "त्यावर बेळगाव जिल्हाच लिहिलाय."

हे बेअरफेस्ड लाय!

फरक खोटं किती मोठं आहे यात नाही. पैसे तेवढेच, तिकीट तेच. फरक आहे तो झाकण्याचा. ऐकणाऱ्याला दिसतंय, बोलणाऱ्यालाही दिसतंय, आणि आपल्याला दिसतंय हे समोरच्याला माहीत आहे, याचीही बोलणाऱ्याला फिकीर नाही. मला या शब्दाचं महत्त्व वाटतं ते याच्यासाठी. फसवणारा माणूस निदान आपण पकडले जाऊ म्हणून घाबरतो. बेअरफेस्ड खोटं बोलणारा तुम्हाला फसवायच्याही भानगडीत पडत नाही. तुम्ही काय करणार आहात, असंच तो विचारत असतो. म्हणून ते ऐकताना अपमान झाल्यासारखं वाटतं.

हा अर्थ आला कुठून? बेअर म्हणजे उघडा, फेस म्हणजे चेहरा. स्पेलिंग बी-ए-आर-ई, अस्वलाचं बी-ई-ए-आर नव्हे. ही चूक पेपर तपासताना हमखास सापडते. सोळाव्या शतकाच्या शेवटी, शेक्सपिअरच्या काळात, हा शब्द अगदी सरळ अर्थानं वापरायचे: दाढी नसलेला चेहरा, न झाकलेला चेहरा. 'हॅम्लेट'मध्ये मेलेल्या माणसाला तोंड उघडं ठेवून तिरडीवरून नेल्याचा उल्लेख आहे, तिथं हाच शब्द आलाय. त्यात लाज-शरमेचा काही संबंध नव्हता. मग 'न झाकलेला'वरून 'उघड उघड', आणि 'उघड उघड'वरून 'उघडपणे वाईट वागूनही लाज नसलेला', असा तो सरकत गेला. म्हणूनच आजही एखादी नटी मेकअप न करता समोर आली की इंग्रजीत तिला बेअरफेस्ड म्हणतात. तिथं तिच्यावर कसलाही आरोप नसतो, हे लक्षात ठेवा.

मराठीत याला काय म्हणायचं? 'धडधडीत खोटं.' माझं मत विचाराल तर हाच सगळ्यात जवळचा. 'धादांत खोटं'ही चालतं, खरं त्यात भर खोटेपणावर आहे, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर नाही. 'लोणकढी थाप' अजिबात नको. थापेत रचलेलं, रंगवलेलं काहीतरी असतं, आणि आपल्या बसमधल्या बाईंनी काहीच रंगवलं नव्हतं.

कन्नडमध्ये 'हसी सुळ्ळु' म्हणतात, म्हणजे कच्चं खोटं. आणि त्याहून जबरदस्त एक वाक्प्रचार आहे: सत्याच्या डोक्यावर हाणल्यासारखं खोटं बोलणं. सत्य समोर उभं आहे, आणि त्याच्याच टाळक्यात हाणलं! बेअरफेस्डचा इतका नेमका अर्थ मला मराठीतसुद्धा मिळाला नाही. दोन भाषा कानावर पडत मोठं होण्याचा हा फायदा, तो आपण सोडू नये.

आता या शब्दाची भावंडं. अमेरिकन लोक बहुधा बॉल्ड-फेस्ड लाय म्हणतात. बॉल्ड म्हणजे टक्कल, बी-ए-एल-डी. जुन्या इंग्रजीत तोंडावर पांढरा पट्टा असलेल्या जनावरालाही बॉल्ड म्हणायचे. बॉल्ड ईगल गरुडाचं नाव त्यावरूनच पडलं. त्याचं डोकं पांढऱ्या पिसांनी भरलेलं असतं, टकलं नसतं. तिसरा बोल्ड-फेस्ड, बी-ओ-एल-डी, म्हणजे धीट. बॉल्ड आणि बोल्ड, ऐकताना गोंधळ होतोच, आणि दोन्ही रूपं छापील इंग्रजीत दिसतात. परीक्षेत मात्र बेअरफेस्डच लिहा, त्यावर कुणी हरकत घेणार नाही. चौथा ब्रेझन. हा ब्रासवरून आला, म्हणजे पितळेवरून: पितळेसारखा घट्ट झालेला चेहरा, ज्यावर लाजेची लाली चढत नाही. आपला 'कोडगा' याच्या अगदी जवळ जातो. ब्रेझन नुसत्या खोट्याला नाही, चोरीला, हल्ल्यालाही लागतो. दिवसाढवळ्या भर बाजारात दुकान फोडलं, तर ब्रेझन रॉबरी.

वाक्यात वापरताना बेअरफेस्ड नामाच्या आधी ठेवा. 'दॅट वॉज अ बेअरफेस्ड लाय' हे बरोबर. 'द लाय वॉज बेअरफेस्ड' व्याकरणात बसतं, खरं कानाला खटकतं. माणसालाही लावता येतो: अ बेअरफेस्ड लायर.

आणि इथंच जपायचं. कुणाला बेअरफेस्ड लायर म्हणणं म्हणजे 'तुमची माहिती चुकली' असं म्हणणं नव्हे. त्याला ठाऊक होतं, समोर दिसत होतं, तरी तो बोलला, असा तो तिहेरी आरोप आहे. ब्रिटिश संसदेत एका सदस्यानं दुसऱ्याला नुसतं लायर म्हटलं तरी सभापती ते मागं घ्यायला लावतात. मग कॉलेजच्या ऑफिसला किंवा बँकेला अर्ज करताना हा शब्द कशाला? नव्यानं इंग्रजी लिहायला लागलेली पोरं रागाच्या भरात असे शब्द घालतात आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते. समजा तुम्ही फी भरलीय आणि समोरचे म्हणतात भरली नाही. त्यांच्या रजिस्टरात नोंद राहिली असेल. ते खोटं बोलतायत हे तुम्हाला कुठं माहीत आहे? तिथं एवढंच लिहा: 'धिस इज नॉट करेक्ट. आय पेड द फी.' खाली तारीख घाला आणि पावतीची झेरॉक्स जोडा.